विश्लेषण : दहा शेतांवरून मंडळाचे पीक कसे कळते? पां. वा. सुखात्मे यांचे आयुष्य आणि ‘प्रमाण त्रुटी’

सोयाबीन काढणीच्या दिवसांत तुळजापूर तालुक्यातील जळकोट मंडळात एखाद्या शेतात चार खुंट्या रोवून दोरी बांधलेली दिसते. तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक, शेतमालक आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी यांच्यासमोर त्या चौकोनातले पीक कापले जाते, मळले जाते, वजन होते. हाच पीक कापणी प्रयोग. मंडळातील अशा मोजक्या चौकोनांच्या सरासरीवर संपूर्ण मंडळाचे उत्पन्न ठरते आणि त्यावरून हजारो खातेदारांना विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे ठरते. (लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका वेगळा, येथे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटचा उल्लेख आहे.)

२०२५ च्या खरिपापासून राज्यातील पीक विम्याची भरपाई प्रामुख्याने या प्रयोगांतून आलेल्या उत्पन्नावर आधारलेली आहे. त्यामुळे ‘माझ्या शेतात काहीच आले नाही, मग दुसऱ्याच्या शेतातील चौकोनावरून माझा हिशेब कसा?’ हा प्रश्न पारावर वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना एका मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या आयुष्यातून जावे लागते. ते म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

कोण होते सुखात्मे?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हा भाग पावसाच्या लहरीवर जगणारा. धाराशिवच्या शेतकऱ्याला तो परका वाटणार नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये त्यांनी गणित हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते त्या काळातले जगातले सर्वांत गजबजलेले ठिकाण होते. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि १९३४ मध्ये तेथे आलेले जेर्झी नेमन हे तिघेही एकाच कॉलेजात होते. त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नसे, पण विद्यार्थ्यांना मात्र तिघांकडूनही शिकायला मिळे.

नेमन यांनी तेव्हा नुकतेच दाखवून दिले होते की, लोकसंख्येचे किंवा शेतांचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून नमुने घेतले तर थोड्या नमुन्यांतही भरवशाचा अंदाज मिळतो. ज्या गटात चढउतार जास्त, तेथून जास्त नमुने घ्यावेत, हाही त्यांचाच नियम. अडचण एवढीच की, कोणत्या गटात किती चढउतार आहे हे आधी माहीत नसते. आधी छोटी चाचणी घेऊन तो चढउतार अंदाजला तर नियमाचा फायदा टिकतो का, हा प्रश्न चोविशीतल्या सुखात्मे यांनी १९३५ च्या लेखात सोडवायला घेतला. १९३६ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली आणि १९३९ मध्ये डीएस्सी.

नमुना वितरण म्हणजे काय?

सुखात्मे ज्या विचारावर आयुष्यभर काम करत राहिले, तो समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिवारात पाचच शेते आहेत. त्यांचे हेक्टरी उत्पन्न ४, ८, १२, १६ आणि २० क्विंटल. खरी सरासरी १२. आता आपल्याला पाचही शेते मोजणे परवडत नाही, दोनच मोजता येतात. चिठ्ठ्या टाकून दोन निवडायची.

पाचातून दोन निवडण्याचे दहा प्रकार आहेत. त्या दहा जोड्यांच्या सरासऱ्या अशा येतात : ६, ८, १०, १०, १२, १२, १४, १४, १६ आणि १८. प्रत्यक्षात आपल्या हाती यातली एकच येणार, पण कोणती ते आधी सांगता येत नाही. येऊ शकणाऱ्या सर्व सरासऱ्यांची ही यादी म्हणजेच ‘नमुना वितरण’. शेतांच्या उत्पन्नाची यादी वेगळी आणि नमुन्यांच्या सरासऱ्यांची यादी वेगळी, हा फरक लक्षात आला की पुढचे सोपे जाते.

या यादीत तीन गोष्टी दिसतात. पहिली, दहाही सरासऱ्यांची सरासरी पुन्हा १२ येते. म्हणजे चिठ्ठीची पद्धत कोणाच्याही बाजूने झुकत नाही. दुसरी, शेते ४ ते २० पर्यंत पसरली होती, सरासऱ्या मात्र ६ ते १८ मध्येच आहेत आणि दहापैकी सहा तर १० ते १४ च्या दरम्यान आहेत. तिसरी, तरीही नशिबाने ६ किंवा १८ निघू शकते. तसे झाल्यास कोणी चूक केली असे नसते. नमुना घेण्याची ती किंमत असते.

प्रमाण त्रुटी कशी मोजतात?

नमुन्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती साधारण किती विखुरतात, याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. महाविद्यालयीन पुस्तकांतला ‘स्टँडर्ड एरर’. शेताशेतांतील फरकाचे माप म्हणजे प्रमाण विचलन. वरच्या उदाहरणात शेतांचे प्रमाण विचलन सुमारे ५.७ क्विंटल आहे, तर सरासऱ्यांची प्रमाण त्रुटी सुमारे ३.५. ‘त्रुटी’ हा शब्द येथे फसवा आहे. मोजणाऱ्याची चूक असा त्याचा अर्थ नाही. सगळे काम चोख झाले तरी केवळ निवडीच्या योगायोगाने उरणारी ही अनिश्चितता आहे.

हजारो शेतांतून थोडीच निवडायची असतील तर सूत्र सोपे आहे : शेतांमधील प्रमाण विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनचे प्रमाण विचलन हेक्टरी ५ क्विंटल आहे. १० प्रयोग केले तर प्रमाण त्रुटी सुमारे १.६ क्विंटल. ती निम्मी करायची तर २० प्रयोग पुरत नाहीत, ४० लागतात. आणखी निम्मी करायची तर १६०. अचूकता अशी चढ्या भावाने विकत घ्यावी लागते आणि नियोजन करणाऱ्याचा सारा झगडा या वर्गमुळाशी असतो.

थोडे नमुने असतील तर आणखी एक अडचण येते. शेतांमधील फरकही त्याच थोड्या नमुन्यांवरून अंदाजावा लागतो. हा पेच विल्यम गॉसेट या डब्लिनच्या मद्यकारखान्यातील रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये सोडवला. तीन हजार कैद्यांच्या मापांची कार्डे पिसून त्याने चार-चारचे ७५० नमुने काढले आणि नमुना वितरण प्रत्यक्ष हाताने तयार करून आपले गणित पडताळले. त्याच्या गणिताप्रमाणे १० नमुने असताना ९५ टक्के खात्रीसाठी प्रमाण त्रुटीच्या दुपटीऐवजी सुमारे सव्वादोन पट अंतर दोन्ही बाजूंना धरावे लागते. सुखात्मे यांनीही लहान नमुन्यांच्या या प्रदेशात काम केले. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यासाठी त्यांनी १९३८ मध्ये तयार केलेले तक्ते पुढे अनेक वर्षे वापरात होते.

आणेवारीला पर्याय का हवा होता?

मायदेशी परतल्यावर कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत अल्पकाळ प्राध्यापकी करून १९४० मध्ये सुखात्मे दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. तेव्हा देशात पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. गावचा कामगार पीक डोळ्यांनी पाहून यंदा ‘इतके आणे’ असे लिहायचा आणि ठरीव सर्वसाधारण उत्पन्नाला त्याने गुणले जायचे. आजची पैसेवारी याच घराण्यातली. सारा माफ होण्याशी आणेवारीचा संबंध असल्याने आकडा कमी दाखवण्याचा कल असे. शिवाय हा अंदाज किती चुकू शकतो, हे कोणालाच सांगता येत नसे. चिठ्ठी नाही म्हणून नमुना वितरण नाही आणि नमुना वितरण नाही म्हणून प्रमाण त्रुटीही नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने धान्याच्या आकड्यांचे मोल साऱ्या देशाला दाखवले. त्याच सुमारास गव्हापासून सुरुवात करून सुखात्मे यांनी प्रांतोप्रांती यादृच्छिक नमुना पद्धतीचे पीक कापणी प्रयोग उभे केले. कापसावर असेच काम त्यांचे सहकारी पानसे यांनी अकोला जिल्ह्यात केले होते. आजचा धाराशिव जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढील दशकभरात ही पद्धत देशातील बहुतेक भागांत पोचली.

रचना साधी होती. तालुका हा गट. तालुक्यातून चिठ्ठीने गावे, गावातून चिठ्ठीने गट नंबर आणि शेतात चिठ्ठीच्याच आकड्यांनी पावले मोजून चौकोनाचा कोपरा. कोणत्याही पायरीवर माणसाच्या पसंतीला जागा नाही. या प्रयोगांतून एक व्यवहारी धडा मिळाला : एकाच शेतात अनेक चौकोन कापण्यापेक्षा जास्त गावांत थोडे थोडे कापणे फायद्याचे, कारण मोठा फरक गावागावांत असतो. दुसरा निर्णयही दूरगामी ठरला. या कामासाठी वेगळी फौज न नेमता त्यांनी महसूल आणि कृषी खात्याची माणसेच प्रशिक्षण देऊन वापरली. आज जळकोटमध्ये तलाठी आणि कृषी सहायक हे काम करताना दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

महालनोबिस यांच्याशी वाद कशावरून झाला?

भारतीय संख्याशास्त्राचे दुसरे मोठे नाव म्हणजे कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचा भर स्वतंत्र, खास प्रशिक्षित चमूवर आणि लहान आकाराच्या, पण पुष्कळ कापण्यांवर होता. लहान वर्तुळ कापायला वेळ कमी लागतो, म्हणून तेवढ्याच खर्चात नमुने वाढतात आणि प्रमाण त्रुटी घटते. तर्क बिनचूक होता.

सुखात्मे यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. लहान तुकड्यात मोजणी झुकत तर नाही ना? वर्तुळाच्या रेषेवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावे लागते आणि हात नकळत आत धरण्याकडे वळतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात एक चौरस फूट क्षेत्रामागे एक फूट कड येते. परिषदेच्या ३३ फूट बाय साडेसोळा फूट चौकोनात तेवढ्याच क्षेत्रामागे कड एक पंचमांश फुटापेक्षाही कमी असते. मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हावर त्यांनी वेगवेगळ्या आकारांची तुलना केली, तेव्हा तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगलेले आढळले. १९४६-४७ मध्ये हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले. चमू कसलेला असेल तर हा फुगवटा आवरता येतो, असे महालनोबिस यांच्या बाजूचे म्हणणे होते आणि वाद बरीच वर्षे चालला.

विद्यार्थ्यांनी आणि शेतकऱ्यांनीही या वादातून घ्यावा असा मुद्दा एकच आहे. नमुने वाढवले की प्रमाण त्रुटी कमी होते, पण कल कमी होत नाही. तराजूच खोटा असेल तर हजार वेळा तोलून वजन खरे होत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

रोमला जाऊन त्यांनी काय केले?

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली. राजेंद्र प्रसाद तिचे पहिले अध्यक्ष आणि सुखात्मे प्रमुख संस्थापक. परिषदेतील त्यांच्या विभागातूनच पुढे दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आकाराला आली. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि सुमारे दोन दशके तेथील सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. १९५४ मध्ये नमुना सर्वेक्षणावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी पानसे यांच्यासोबतचे कृषी संशोधकांसाठीचे पुस्तकही. कृषी विद्यापीठांतील विद्यार्थी या दुसऱ्या पुस्तकाला आजही ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखतात.

रोममध्ये त्यांच्यासमोर जगाच्या भुकेचा आकडा आला. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. सुखात्मे यांनी देशोदेशीच्या आहार पाहण्यांतील विखुरणे तपासले आणि १९६१ मध्ये वेगळा अंदाज मांडला : पोटभर न मिळणारे दहा ते पंधरा टक्के आणि निकस आहारावर असणारे धरले तर निम्म्यापर्यंत. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे, कारण माणसांच्या गरजाही सरासरीभोवती पसरलेल्या असतात, हा त्यामागचा विचार. या कामाबद्दल रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

पुण्यातला वाद काय होता?

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात परतले. तेथे गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २,२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची मोजणी प्रसिद्ध केली होती. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. थोड्या दिवसांच्या पाहणीत सरासरीखाली दिसलेला माणूस उपाशीच असेल असे नाही. म्हणून रेषा सरासरीवर न आखता तिच्याखाली दोन प्रमाण विचलने इतकी खाली आखावी.

दांडेकर स्वतः संख्याशास्त्र जाणणारे होते. त्यांनी हा युक्तिवाद ठामपणे नाकारला; एकट्या माणसाचा चढउतार आणि कुटुंबांच्या पाहणीतील फरक या भिन्न गोष्टी आहेत, हा टीकेचा गाभा होता. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी विचारले की, कमी अन्नाशी शरीराने जुळवून घेतले तरी त्याची किंमत वाढ आणि श्रमशक्ती यांत मोजावी लागते, तिचे काय? सुखात्मे यांची रेषा पोषणशास्त्रात सर्वमान्य झाली नाही. रेषा खाली आणली की गरिबांची संख्या कागदावर घटते, हा धोका टीकाकारांनी अचूक हेरला होता. मात्र थोड्या दिवसांच्या मोजणीतील चढउतार वेगळा काढल्याशिवाय कोणाला उपाशी म्हणू नये, हा त्यांचा इशारा आहारविषयक पाहण्यांमध्ये आजही लागू पडतो. दूषित पाणी आणि अस्वच्छतेमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, हेही ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना केंद्र सरकारतर्फे त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

जळकोटच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

विमा योजनेत महसूल मंडळासाठी एका पिकाचे किमान १० प्रयोग हे प्रमाण रूढ आहे. काही पिकांसाठी उपग्रहाधारित अंदाजही त्यात मिसळला जातो. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न ठरते. प्रत्यक्ष सरासरी त्याखाली गेली तर जितकी तूट, तितक्या प्रमाणात विमा रकमेतून भरपाई.

समजा, उंबरठा १२ क्विंटल आहे आणि १० प्रयोगांची सरासरी १०.५ आली. तूट साडेबारा टक्के, भरपाईही तितकीच. पण प्रमाण त्रुटी १.६ असेल तर चिठ्ठीत दुसरी दहा शेते निघाली असती आणि सरासरी १२.१ आली असती, हेही सहज शक्य होते. मग भरपाई शून्य. पाऊस तोच, पीक तेच, मंडळ तेच. विहीर-बोअरवरची काळी जमीन आणि माळावरची हलकी जमीन एकाच मंडळात असेल, तर शेताशेतांतील फरक वाढतो आणि त्याबरोबर ही अनिश्चितताही.

त्यामुळे गावाने लक्ष द्यावे अशा गोष्टी दोन. पहिली, शेताची निवड आणि चौकोनाची जागा चिठ्ठीनेच ठरली का? रस्त्याकडेचे सोयीचे शेत घेतले, चांगला कोपरा किंवा वाईट कोपरा निवडला, तर सूत्राचा आधारच जातो. उत्पन्न कमी दिसावे असे शेतकऱ्याला आणि जास्त दिसावे असे भरपाई देणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. म्हणूनच दोघांच्या समक्ष, ठरलेल्या आकड्यांनी मोजलेली जागा महत्त्वाची. दुसरी, सरासरीसोबत तिची प्रमाण त्रुटी जाहीर होते का? नुसता १०.५ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दहाही चौकोनांची वजने मंडळात लावली तर ती त्रुटी काढायला बारावीचा विद्यार्थीही पुरेसा आहे.

पारावरच्या प्रश्नाचे उत्तरही यात आहे. दुसऱ्याच्या शेतातील चौकोन तुमच्या शेताबद्दल काहीच सांगत नाही. तो मंडळाबद्दल सांगतो, आणि तेही काही अंतर सोडून. ते अंतर किती, हे मोजून सांगता येते. आणेवारीच्या काळात तेवढेही शक्य नव्हते. सुखात्मे यांनी ते शक्य केले. ते मागून घेणे आता आपल्या हाती आहे.